आमच्या कुत्र्याची संकष्टी

आमच्या कुत्र्याने गेल्या पितृपक्षात संकष्टीचा उपवास केला, असं आमच्या सोसायटीत अजूनही मानलं जातं. तो येताना दिसला की काहीजण त्याच्यासाठी लिफ्ट धरून ठेवतात. माझ्यासाठी आजवर कुणी धरलेली नाही. खरं काय घडलं ते मी लिहून ठेवतो आहे, कारण त्या उपवासात तो मरता मरता वाचला, आणि उपवास त्याने नाही, मी धरला होता. त्याच्या वतीने.

कुत्रा लॅब्रॅडॉर आहे, रंग साजूक तुपाचा. मुलीने हट्ट करून आणला, "बाबा, त्याचं सगळं मी करीन" म्हणाली, आणि शिकायला बंगळुरूला निघून गेली. आता ती संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. आधी त्याला बघते, मग त्याला शी कशी झाली ते विचारते, आणि वेळ उरलाच तर माझी चौकशी करते. कर्वेनगरच्या आमच्या घरात मागे राहिलो तिघं: मी, बँकेत जाणारी माझी बायको आणि माझी आई. आणि आमच्या सगळ्या इमारतीत मिळून कुत्रा एकच, तो हा.

त्याची जबाबदारी मी मनापासून घेतली होती. त्याची लस, त्याच्या जंताच्या गोळ्या, गोचीड होऊ नये म्हणून मानेवर घालायचं औषध, सगळं वेळच्या वेळी. माझ्या साखरेचे रिपोर्ट टीव्हीखालच्या खणात बंद पाकिटात पडून असायचे, त्याचे मात्र मी प्रिंट काढून फ्रिजवर लावायचो. बायको म्हणायची, "त्याचं रक्त तपासून आणलंत. तुमच्या अंगात आहे का काही, तेही कधीतरी बघा."

पण खाण्याचं आमच्या घरात नीट नव्हतं. सकाळी चहाबरोबर मी त्याला अर्धी खारी द्यायचो, हे बायकोला माहीत नव्हतं. बायको त्याला तूप लावून पोळीचा तुकडा द्यायची, हे मला माहीत नव्हतं. आई काय द्यायची हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण दुपारी ती आणि तो दोघंच घरी असत आणि तो काही सांगणाऱ्यातला नव्हता.

गणपतीत त्याने आरतीच्या वेळी नमस्कार केला. आम्ही सगळे उभे होतो, घंटा वाजत होती, आणि तो मूर्तीसमोर येऊन पुढचे पाय लांब पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून तसाच राहिला. आईने आरती म्हणता म्हणता त्यालाही हात जोडले. बायकोने व्हिडिओ काढला. मी टाळ्यांचा वेग वाढवला. आरती संपायच्या आत तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि प्रसाद वाटून होईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर. जोडलेल्या हातांची रांग लागली. रात्रभर तो ओकत होता.

सकाळी त्याला दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल, पण तिने बघितलं की मला शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. मी तिला मोठ्या कौतुकाने व्हिडिओ दाखवला, की कालपर्यंत किती छान होता बघा.

"हे टाळ्या कोण वाजवतंय?" तिने विचारलं.

"मी."

"काका, हा नमस्कार नाहीये. याच्या पोटात कळ आलीय. पोट फार दुखलं की कुत्री अशी ताणतात."

मला फोन कुठे ठेवावा कळेना.

"काय खाल्लं होतं?"

"डॉग फूड."

ती नुसती बघत राहिली.

"आणि खारी," मी म्हणालो. "अर्धी."

"आणि?"

"पोळी," बायको म्हणाली.

"कोरडी?"

"नाही."

मग आईला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "आई, तू त्याला मोदक दिले होतेस का?"

"मी कशाला देते?" आई म्हणाली. "त्यानं मागितले."

त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली, आणि घरी सोडताना डॉक्टरने बजावलं, "या वेळी निभावलं. पुन्हा तेलातुपाचं काही पोटात गेलं आणि असाच झटका आला, तर मी खात्री देणार नाही. तळलेलं नाही, तुपातलं नाही, गोड नाही. उकडलेला भात, उकडलेला भोपळा आणि मी देते ते पथ्याचं खाणं, बस. आणि तो नमस्कार पुन्हा दिसला तर आरती संपायची वाट बघू नका. लगेच या."

घरी येऊन मी खारीचा डबा वरच्या फळीवर टाकला. सोसायटीच्या ग्रुपवरही खरं काय ते लिहायला हवं होतं. लिहायला घेतलं, पण वर एवढे जोडलेले हात दिसत होते की त्यांना "ती पोटदुखी होती" असं सांगायचा धीर झाला नाही. खोडून टाकलं.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला.

ज्यांच्याकडे श्राद्धाचा स्वयंपाक होतो त्यांना माहीत आहे की जेवायच्या आधी गाय, कावळा आणि कुत्रा यांची पानं काढावी लागतात. गाय आमच्या भागात देवळाबाहेर मिळते, गवताच्या पेंढीसकट. कावळा गच्चीवर येतो, त्याच्या सवडीने. राहिला कुत्रा. चौकात कुत्री आहेत, पण ती भुंकतात, आणि पायात येतात, आणि सोवळ्याचं पातळ नेसून त्यांच्यामागे कोण जाणार? त्यापेक्षा आमचा बरा. दार वाजवलं की शेपूट हलवतो, पान पुसून काढल्यासारखं स्वच्छ करतो, आणि गणपतीला नमस्कार करतानाचा त्याचा व्हिडिओ सगळ्यांकडे आहे.

पहिल्या दिवशीच तिसऱ्या मजल्यावरून एक पान आलं. वडे, खीर, अळूची भाजी, भातावर तूप. कुणाच्या तरी वडिलांचं होतं. आता दारात उभ्या असलेल्या माणसाला "तुमच्या वडिलांचं पान नको" कसं म्हणायचं? मी "हो हो, देतो ना" म्हणून घेतलं आणि दार लावलं. कुत्र्याला देता येत नव्हतं. टाकून देणं तर शक्यच नव्हतं. म्हणून स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मीच खाल्लं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी थोरल्या काकांचं आलं, तेही खाल्लं. तिसऱ्या दिवशी बायकोने पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही कुत्र्याचं पान खाताय?"

मला तोंडातला वडा गिळवेना.

"त्याला चालत नाही ना," मी म्हणालो.

"आणि तुम्हाला चालतं? तुमची साखर किती आहे? जा, सांगा त्यांना सरळ. तोंड आहे ना? की ते वड्यांनी भरलंय?"

सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बससाठी मी घाईत निघालो, तर लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू. आईच्या वयाच्या आहेत, गुडघ्यांना पट्टे बांधतात. त्यांच्या सासऱ्यांची तिथी चतुर्थी.

"बरे भेटलात," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक झाला की तुमच्याकडे पान आणते. आमच्या मामंजींना कुत्री फार आवडायची हो."

मी तोंड उघडलं. डॉक्टर, स्वादुपिंड, पथ्य, सगळं जिभेवर होतं. पण मामंजी मध्ये आले. आणि भिंतीवर कुणीतरी लावलेल्या कॅलेंडरवर त्या दिवशीचा लाल चंद्र दिसला.

"काकू, त्याचा आज उपवास आहे."

"कुणाचा?"

"त्याचा. संकष्टी."

आमच्या पुण्यात तुम्ही आजारी आहात म्हणालात तर लोक रिपोर्ट मागतात, घाईत आहात म्हणालात तर कुठे चाललात विचारतात. उपवास आहे म्हटलं की मात्र कुणी शंका घेत नाही. काकूंनी हळूच माझ्या दंडाला हात लावला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच त्या दिवशी गणपतीपुढे तसा वाकला होता. कुणीतरी पुण्यवान जीव आहे हो तुमच्या घरात."

मी बसमध्ये बसलो आणि मला चक्क हलकं वाटलं. काम झालं होतं. कुणालाही न दुखावता.

दुपारी आईचा फोन आला. "अरे, याला संकष्टी कधीपासून लावलीस?" मी मीटिंगमध्ये होतो. "आई, नंतर बोलतो" म्हणालो आणि ठेवला. नंतर बोललो नाही. वाकडच्या पुलावर बस तासभर अडकली तेव्हाही बोलता आलं असतं. तेव्हा मी झोपलो होतो.

घरी आलो तर आमच्या दाराबाहेर चपलाच चपला. आत शिरलो. बाल्कनीच्या दारापाशी सात-आठ बायका, मध्ये माझी आई, आणि सगळ्यांच्या पुढे कुत्रा. चंद्र नुकताच समोरच्या इमारतीच्या टाकीवर आला होता. काकूंच्या हातात ताटली, ताटलीत मोदक, त्याचा उपवास सोडायला. आणि तो पुढचे पाय लांब पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून उभा होता. नेमका चंद्राकडे तोंड करून.

"बघा, बघा," कुणीतरी कुजबुजलं. "चंद्राला करतोय."

सगळ्यांनी हात जोडले. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अहो, त्याचं पोट दुखतंय!" मी ओरडलो.

काकू वळल्या. "दुखणारच. दिवसभराचा उपवास आहे. सरका, दोन घास पोटात जाऊ द्या त्याच्या."

मी त्या ताटलीसमोर आडवा झालो. आईला विचारलं, "तू काय दिलंस याला?"

"काही नाही रे. उपवासाचंच."

"म्हणजे काय?"

म्हणजे सकाळपासून आलेलं सगळं. पुण्यवान जीव उपाशी राहू नये म्हणून घराघरातून डबे आले होते. साबुदाण्याची खिचडी तीन घरची, प्रत्येकीचं दाण्याचं कूट सढळ. वरीचे तांदूळ, त्यावर दाण्याची आमटी. तुपात परतलेला रताळ्याचा कीस. आईने वडे-खीर सगळं परत पाठवलं होतं, एकही तळलेली वस्तू आत येऊ दिली नव्हती. पथ्य अगदी कडक पाळलं होतं.

"हलकंच होतं रे सगळं," ती म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "उपवासाचं हलकंच असतं ना?"

बायको माझ्या मागोमागच बँकेतून पोचली होती; त्याला चादरीत घालून आम्ही दोघांनी खाली आणलं. रिक्षावाला आधी कुत्रा नको म्हणाला, मग त्याचं तोंड बघून काही न बोलता मीटर टाकला. आईलाही यायचं होतं. रिक्षात जागा नव्हती. ती फाटकाशी उभी राहिली.

डॉक्टर दवाखाना बंद करत होती. तिने पोटाला हात लावला तसा तो कण्हला. त्याला मी पहिल्यांदा कण्हताना ऐकलं.

"काय खाल्लं?"

"खिचडी."

"मुगाची?"

"साबुदाण्याची."

तिने वर बघितलं. "का?"

"उपवास होता."

"कोणाचा?"

"याचा."

तिने सुई भरायची थांबवली. "याला उपवास करायला कोणी सांगितलं?"

"मी."

बायको भिंतीवरचं जंतांचं चित्र बघायला लागली. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, पुढच्या पायावरचे केस काढले, सलाईन लावलं. आणि मग हात धुताना म्हणाली, "काका, पुढच्या वेळी तुमचा धरा. तुम्हाला गरज आहे."

त्यानंतरचे दिवस मी ऑफिसला कळवून दवाखान्यातच काम केलं. त्याच्या पिंजऱ्याशेजारी स्टुलावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, मागे कोण रडतंय. मांजर आहे, मी म्हणालो, आणि तेवढं खरं होतं. डॉक्टर येता-जाता सांगायची: अजून सांगता येत नाही. पाणी पोटात राहिलं तर बघू. पाणी राहिलं. पेज राहिली तर बघू. मी जवळ गेलो की तो मान न उचलता फक्त शेपटीचं टोक हलवायचा. त्याने माझ्यावर गुरगुरायला हवं होतं असं मला वाटे. मी केलेल्या गोष्टी त्याला कळत नव्हत्या, आणि मी त्या त्याला सांगूही शकत नव्हतो, हे सगळ्यात वाईट.

आई फोनवर एवढंच विचारायची, "राहिली का पेज?" घरी ती काय जेवते हे मी विचारलं नाही. बायकोने सांगितलं, तीही पेजच घेते.

अमावास्येच्या आदल्या दिवशी तो घरी आला. चालत आला, पण दर मजल्यावर लिफ्ट थांबली की बाहेर बघून उसासा टाकायचा. डॉक्टरचं शेवटचं वाक्य होतं, "आता यापुढे तुम्ही नाही म्हणायला शिका. औषध तेवढंच उरलंय."

आणि सर्वपित्री अमावास्या म्हणजे माझ्या वडिलांची तिथी.

सकाळपासून आई स्वयंपाकघरात. वड्यांचं पीठ, खीर, कढी, भोपळा, आमसुलाची चटणी. दरवर्षी कुत्र्याचं पान ती स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवते. कावळा एखाद्या वर्षी आला नाही तरी तिला चालतं, "तो खातो ना, पोचलं" म्हणते. मी रजा काढली होती. पहाटे उठून वाक्य पाठ केलं होतं: आई, या वर्षी त्याला पान नाही. एवढंच. कारणं जोडायची नाहीत. कारणं जोडायला लागलो की मी कुठे पोचतो हे मला माहीत होतं.

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ओट्यावर तीन पानं मांडलेली. गायीच्या पानावर सगळं. कावळ्याच्या पानावर सगळं. तिसऱ्यावर फक्त पेज, गाळलेली, त्यात चमचाभर कुस्करलेला भोपळा.

"आई..."

"काय बघतोस? थंड केलीय."

"वडा नाही ठेवलास?"

"तुझ्या वडिलांना कळतं सगळं," ती म्हणाली. "आयुष्यभर ऑफिसातून आले की आधी दारातल्या कुत्र्याला पाणी घालायचे, मग स्वतः प्यायचे. त्याला मारून वडा नको म्हणतील." मग कढईकडे वळून, "आणि तुला दोनच वाढणारेय. सूनबाईनं सांगितलंय मला, तू काय काय खाल्लंस ते."

तेवढ्यात बेल वाजली. काकू. हातात झाकलेली ताटली, गुडघ्यांना पट्टे. मागे जिन्यात आणखी एक-दोघी, त्यांच्याही हातात पानं.

कुत्रा माझ्या पायांमधून नाक पुढे काढून वास घेत होता.

"नाही, काकू," मी म्हणालो.

"काय नाही?"

"त्याला द्यायचं नाही. त्याचा उपवास नव्हता. मी खोटं बोललो. त्याला हे चालत नाही. परत खाल्लं तर तो मरेल."

माझ्या आयुष्यातली एवढी सगळी सरळ वाक्यं मी एका दमात कधी बोललो नव्हतो. मी पुढचं ऐकायला मान खाली घालून उभा राहिलो.

"अहो, मग हे तेव्हाच नाही का सांगायचं?" काकू म्हणाल्या. "मी हे गुडघे घेऊन वर येते ती कशासाठी? खाली चौकात चांगली चार-पाच कुत्री बसलेली असतात. पण शेजारी कुत्रा असताना खालच्यांना पान घातलं, तर तुम्हालाच वाटायचं, आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तुमच्यासाठी आणत होते मी."

"आम्हीसुद्धा," मागची एक म्हणाली.

म्हणजे मी त्यांचं मन मोडू नये म्हणून खात होतो, आणि त्या माझं मन मोडू नये म्हणून रांधून आणत होत्या. मधल्यामध्ये तो.

"उपवास मात्र त्यानं केला," काकू वळता वळता म्हणाल्या. "ते तुम्ही नका सांगू. मी डोळ्यांनी पाहिलाय नमस्कार."

दार लावून आत आलो. आईने पान त्याच्यापुढे ठेवलं होतं. त्याने पेज हुंगली, कढईकडे बघितलं, आईकडे बघितलं, पुन्हा पेज हुंगली.

"खा रे," आई म्हणाली. "मी पण तीच खाल्लीय आठवडाभर."

मग तो खायला लागला. नेहमीसारखा नाही, सावकाश. आई खाली बसून बघत राहिली आणि पान रिकामं झाल्यावर तिने ते कपाळाला लावून उचललं. मी बाल्कनीत गेलो, डोळे पुसायचे होते. खाली काकू चौकात पोचल्या होत्या. पानं पदपथावर मांडलेली, आणि कुत्री तुटून पडलेली. वडे, खीर, तूप घातलेला भात. एक लंगडा कुत्रा, बरगड्या दिसत होत्या त्याच्या, दोन वडे एकदम गिळत होता.

मी खिशातून फोन काढला.

"कुणाला लावताय?" मागून बायकोने विचारलं.

"डॉक्टरला. त्या कुत्र्यांना एवढं तेल..."

"अहो," ती म्हणाली, "ठेवा तो फोन. आणि जेवायला चला. दोनच वडे आहेत तुम्हाला."